बसऱ्याला गेले, गिरणीत गेले

माणगावला तहसील कचेरीच्या आवारात एका तरुण शिपायाचा पुतळा आहे. नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्याच पळसगावचा मुलगा, जन्म 1921 चा. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतून तो इटलीत गेला. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर जवळूनच मशीनगनचा मारा झाला. तो एकटा वगळता तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटा त्या मोर्चावर धावून गेला. आधी बॉम्ब टाकला, मग टॉमीगन चालवली. गोळ्या संपल्या तेव्हा मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. त्यानंतर दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपले. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने या गावी 2023 साली त्याच्या नावाचे स्मारक उभे राहिले.

संपादकांनी यंदाचा विषय दिला तो असा: आपले आजोबा काय काम करत होते आणि लढाईच्या काळात कुठे होते? मी माणगाव ओलांडून पुढे महाडला गेलो, तिथून पोलादपूरला. घाडग्यांचे नाव इतिहासात लागले. पण या खोऱ्यातून त्याच बोटींत चढलेल्या, त्याच आगगाड्यांत बसलेल्या इतरांचे काय झाले, हे मला बघायचे होते. सावित्रीच्या काठाने फिरताना एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली. इथल्या माणसाला ‘काम’ आणि ‘लढाई’ असे दोन वेगळे कप्पे नव्हते. गिरणी, गोदी, बोट आणि पलटण या घर सोडायच्या चार वाटा होत्या. कोणत्या वाटेने जायचे हे जात, वाडी, ओळखीचा माणूस आणि छातीचे माप यांवर ठरत होते.

डोंगर किती पोसणार

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाट चढायला लागले की जमिनीचा हिशेब डोळ्यांना दिसतो. खाली नदीकाठी भाताची खाचरे, तीही अरुंद. वर उतारावर वरकस. तिथे नाचणी आणि वरी. एकदा पीक घेतले की ती जमीन काही वर्षे टाकावी लागे. उन्हाळ्यात कवळ तोडायचे, शेण-पाला-गवत रचून राब भाजायचा, त्यावर रोप करायचे, मृगात पेरायचे, आषाढात लावणी. पाऊस धो धो, पण तो सगळा चार महिन्यांत वाहून जाणार. दिवाळीनंतर शेतात काम नाही आणि फाल्गुनापासून कणगीत दाणा नाही, अशी अनेक घरांची स्थिती.

त्यातला वाटा पुन्हा खोताचा. दक्षिण कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, खोती होती. राबणाऱ्याच्या पिकातून खोत आपला वाटा उचलत असे आणि वर वेठीची कामे असत. खोती रद्द करण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. कायद्याने ती गेली स्वातंत्र्यानंतर.

म्हणून माणूस बाहेर पडला. पोलादपूरच्या वाड्यांतला माणूस लालबाग-परळच्या गिरण्यांत गेला आणि गावकीच्या खोलीत राहिला. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसे. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. पाळी बदलली की झोपायची जागा बदलायची. जेवण खानावळीत, बहुधा कुणा गाववालीच्या हातचे. मंडळाच्या वर्गणीतून गावचा उत्सव, कुणी मेले तर क्रियाकर्म, नव्या पोराला नोकरी लागेपर्यंत जेवण. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांत खाकी कापड रात्रंदिवस निघू लागले, हातांना काम मिळाले. त्याच वेळी मुंबईत धान्य महागले आणि मे 1943 पासून रेशन सुरू झाले. या माणसाने बंदूक कधी हातात धरली नाही. पण तो विणत होता तो कपडा कुणाच्या तरी अंगावर आफ्रिकेत, ब्रह्मदेशात होता. त्याच्या नातवंडांना ‘आजोबा लढाईत होते का?’ विचारले की ती ‘नाही, गिरणीत होते’ म्हणतात. मला हे उत्तर अपुरे वाटते.

फौजी आंबवडे

महाड तालुक्यात आंबवडे नावाच्या गावाला ‘फौजी’ हे विशेषण कायमचे चिकटले आहे. विन्हेऱ्याच्या बाजूचे हे गाव. पिढ्यान्‌पिढ्या घरटी सैनिक देणारे म्हणून सगळ्या जिल्ह्याला माहीत. इथे घरात शिरले की भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी वर्दीतला फोटो असतो, आणि बहुतेक घरांत एकापेक्षा अधिक. पणजोबा, आजोबा, बाप, मुलगा. वर्दीचा रंग आणि टोपीचा आकार बदलत जातो, उभे राहण्याची ढब तीच.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. मजकूर ठरलेला: या गावातून इतके लोक 1914 ते 1919 च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे तेवढे गावागणिक बदलायचे. नावे नाहीत. गाव लहान, तेव्हा कोण गेले आणि कोण आले नाही हे सगळ्यांना तोंडपाठ होते. शंभर वर्षांनी ते तोंडपाठ राहिलेले नाही.

कुठे गेले होते हे मात्र अजून ऐकू येते: बसऱ्याला. कोकणातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात पहिले महायुद्ध म्हणजे बसऱ्याची लढाई. त्याला कारण आहे. नोव्हेंबर 1914 मध्ये इंग्रजांनी बसरा घेतले आणि पुण्याची सहावी डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने वर बगदादकडे निघाली. तिच्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. वर्षभरात ती टेसिफोनपर्यंत पोचली, तिथे अडली, आणि मागे हटत कुत-अल-अमारा या गावात कोंडली गेली. डिसेंबर 1915 पासून वेढा पडला. दाणा संपत आला तेव्हा घोडे मारून मांस वाटायला सुरुवात झाली. अनेक हिंदी शिपायांनी ते धर्मासाठी बराच काळ नाकारले, आणि उपासाने आधीच खंगलेली शरीरे आणखी खंगली. 29 एप्रिल 1916 रोजी सैन्याने शरणागती पत्करली. कैद्यांना वाळवंटातून तुर्कस्तानकडे पायी हाकण्यात आले. रस्त्यात आणि छावण्यांत हजारो मेले.

सह्याद्रीच्या पावसात वाढलेल्या पोराला त्या वाळवंटातल्या चालीचे वर्णन घरी सांगताना काय शब्द सापडले असतील? बहुतेकांनी सांगितलेच नाही. आजोबा लढाईविषयी बोलत नसत, हे वाक्य मी घरोघर ऐकले. मेस, घोडे, गोरा साहेब, बोटीतली उलटी, एवढे सांगायचे आणि पुढे गप्प.

शिपायाचा पगार त्या काळी महिना अकरा रुपये. आज हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरात रोकड रुपया वर्षातून एकदा, भात विकले की दिसायचा, त्या घरात दरमहा ठरलेल्या तारखेला मनीऑर्डर येणे याचा अर्थ फार मोठा होता. खोताचे देणे फिटे, बैल घेता येई, बहिणीचे लग्न निघे. भरतीच्या वेळी राजाचे नाव घेतले जाई, शौर्याच्या गोष्टी सांगितल्या जात. पोरे हिशेब अकरा रुपयांचा करत होती. यात त्यांची वीरता मला कुठे कमी होताना दिसत नाही.

मेलेल्यांचा हिशेब मात्र फार वाईट ठेवला गेला. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची आठवण आहे. त्यात गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांच्यासाठी पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने 2021 मध्ये स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. गावातल्या पाटीवर आकडा, बसऱ्याच्या दगडावरही आकडा. ज्या माणसाचा देह सापडला नाही त्याचे नाव दोन्हीकडे नाही.

दासगावचे पेन्शनर

महाडहून खाडीकडे जाताना दासगाव लागते. आता महामार्गावरचे एक गाव. शंभर वर्षांपूर्वी हे बंदर होते. मुंबईहून बोटीने बाणकोटच्या तोंडापर्यंत यायचे, मग भरतीचे पाणी धरून सावित्रीतून आत. चाकरमानी इथे उतरत, भात इथून चढे. आणि याच दासगावात महार समाजातल्या लष्करी पेन्शनरांची वस्ती होती.

या पेन्शनरांविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. या तालुक्याने देशाच्या इतिहासाला जे दिले त्याची मुळे तिथे आहेत.

कंपनीच्या काळापासून मुंबईच्या लष्करात महार शिपाई होते. पलटणीत मुलांना शाळा होती. गावात ज्याला शाळेच्या उंबऱ्यावर चढू देत नव्हते, तो छावणीत लिहायला-वाचायला शिकला, हुद्दा मिळवला, सुभेदार, जमादार झाला. याच खाडीपट्ट्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर 1886 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि दोनच वर्षांत अस्पृश्यतेवर ‘विटाळ विध्वंसन’ लिहून मोकळे झाले. दापोलीला त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी काढली. 1895 मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा शेजारी बसायचे कसे यावरून सवर्ण सभासदांनी गदारोळ केला.

तोवर सरकारने दार बंद केले होते. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा नवा सिद्धांत निघाला आणि 1892-93 च्या सुमारास महारांची भरती थांबली. बापाला पेन्शन, मुलाला भरती नाही. वलंगकरांनी त्याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. पुढे महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला 1917 मध्ये महारांची आठवण झाली आणि 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, 1921 मध्ये पलटण मोडली. शिपाई घरी. ज्याने पलटणीत सगळ्यांबरोबर एका रांगेत कवायत केली, तो गावात येऊन पुन्हा पाणवठ्यापासून दूर उभा राहिला.

आता 1927 कडे बघा. 1921 मध्ये घरी पाठवलेला शिपाई सहा वर्षांनी ऐन तिशीत होता. त्याचा बाप किंवा चुलता जुना पेन्शनर. अस्पृश्यांच्या महाड परिषदेची जुळवाजुळव करणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे लाडवलीत जन्मलेले, दासगावच्या या वातावरणात वाढलेले. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा 1923 चा बोले ठराव आणि 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव कागदावर होते. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखी माणसे सोबत होती. 19 आणि 20 मार्चला परिषद भरली आणि 20 तारखेला बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे शिस्तीत चालत चवदार तळ्यावर गेली, पाणी प्याली.

त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे शिरणार अशी अफवा उठवून जमावाने परिषदेच्या लोकांवर हल्ला केला. लोक जेवत होते, परतीच्या वाटेवर होते, तिथे गाठून मारले. त्या गर्दीत लढाई पाहिलेली माणसे होती. बदला घ्यायची ताकद होती आणि इच्छाही. बाबासाहेबांनी आवरले आणि ते थांबले. हुकूम पाळणे ही गोष्ट पलटणीने शिकवली होती, ती इथे कामी आली. डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी पुन्हा यायचे ठरले तेव्हा बाबासाहेब आणि मंडळी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघून दासगाव बंदरात उतरली. मोटारवाले अडवतील अशी भीती होती, बोट भरवशाची. मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला मुंबई हायकोर्टात 17 मार्च 1937 ला सुटला, निकाल अस्पृश्यांच्या बाजूने.

चवदार तळ्यावर आज 20 मार्चला लाखोंची गर्दी होते. तिथल्या पाण्यापर्यंतची वाट छावणीच्या शाळेतून गेली होती, हे त्या दिवशी दासगावच्या नावासह सांगितले जावे असे मला मनापासून वाटते. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता.

खाडीपट्ट्याचे खलाशी

दासगावपासून खाली बाणकोटपर्यंत खाडीच्या दोन्ही काठांना कोकणी मुसलमानांची गावे आहेत. इथली मुले बंदुकीकडे फारशी गेली नाहीत, बोटीवर गेली. मुंबईला जाऊन सारंगाला गाठायचे. सारंग म्हणजे डेकवरच्या सगळ्या माणसांचा मुख्य. तो आपल्या गावची, नात्यातली पोरे घेणार. त्याच्या हाताखाली तांडेल, मग सुकाणी, मग खलाशी. भट्टीपाशी आगवाले, स्वयंपाकाला भंडारी. खलाशाचा अनुभव, वागणूक, कोणत्या बोटीवर किती दिवस, हे सगळे एका नोंदवहीत. तिला बोलीत नल्ली म्हणतात. नल्ली हरवली तर पोट गेले.

लढाईत हे लोक नागरिकच होते. हातात हत्यार नाही, अंगावर वर्दी नाही. पण जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो त्यांना तसे ओळखत नव्हता. मालवाहू बोटी बुडत गेल्या आणि त्यांच्याबरोबर खलाशीही. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या खलाशी गृहात पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची नावे दोन वह्यांत लिहिली आहेत. एक वही मुंबईत, दुसरी बांगलादेशातल्या चितगावला. जवळपास सहा हजार नावे व्यापारी बोटींवरच्या माणसांची. फौजी आंबवड्याला विशेषण मिळाले, ते योग्यच झाले. खाडीच्या काठावर ‘खलाशी’ म्हणून एकाही गावाचे नाव मला दिसले नाही.

मागे राहिलेल्या

आजीविषयी विचारले की सगळीकडे एकच उत्तर येते: ती घरीच होती. घरी म्हणजे काय? पुरुष पलटणीत, दीर गिरणीत. कवळ तोडणे, राब भाजणे, लावणी, कापणी, झोडणी, डोक्यावर गवताचे भारे, मोळ्या महाडच्या बाजारात. नांगराला गडी मिळवायचा तर त्याची मिनतवारी. सासू-सासऱ्यांचे दुखणे, पोरांची बारशी. 1918 मध्ये मुंबईच्या बंदरातून इन्फ्लुएन्झा आला, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणत. त्या साथीत घरेच्या घरे आडवी झाली. तेव्हाही घर धरून बसलेली तीच होती.

पोस्टमनने आणलेल्या मनीऑर्डरवर अंगठा तिचा. कार्ड वाचायला शाळामास्तर किंवा गावातला कुणी पेन्शनर. त्यामुळे नवऱ्याचे पत्र आधी परक्याच्या तोंडून ऐकायचे. उत्तरही त्याच्याच हाताने. तार आली की ती उघडण्याआधीच रडे फुटे, कारण तार चांगल्या बातमीसाठी कुणी करत नसे. यशवंत घाडग्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीने दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेलच्या हातून घेतला. ज्यांच्या नवऱ्याला पदक मिळाले नाही अशा असंख्य बायकांसाठी दिल्लीत समारंभ झाला नाही, आणि गावातही कुणी त्यांचे नाव घेतले नाही.

एकाच वेळी दोन लढाया

‘चले जाव’ चळवळीत 10 सप्टेंबर 1942 रोजी नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली महाडच्या कचेरीवर मोर्चा आला. पोलिसांनी गोळीबार केला. कमलाकर दांडेकर, वसंत दाते आणि त्यांचे सोबती हुतात्मे झाले. त्याच्या तीनच महिने आधी, 21 जूनला, मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण आफ्रिकेत तोब्रुकला जर्मनांच्या कैदेत गेली होती. एकाच तालुक्यातल्या दोन घरांत, क्वचित एकाच घरात, एक मुलगा सरकारच्या बाजूने परदेशात आणि दुसरा सरकारविरुद्ध महाडच्या रस्त्यावर. स्वातंत्र्यानंतर मोर्चातल्यांचा स्तंभ झाला, ते योग्यच. पलटणीतल्यांविषयी मात्र एक अवघडलेपण राहिले. ते इंग्रजांचे शिपाई होते ना, असे कुणी तरी म्हणायचे आणि विषय संपायचा. खोताचे देणे फेडायला गेलेल्या माणसाकडून हा हिशेब मागणे मला अन्यायाचे वाटते.

आणखी एक नाव इथे आलेच पाहिजे. रायगडाच्या पायथ्याच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. ऑगस्ट 1943 पासून ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. जुलै 1944 मध्ये, यशवंत घाडगे इटलीत पडले त्याच महिन्यात, देशमुख अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या परिषदेत बसले होते. युद्धासाठी हिंदुस्थानने माणसे दिली, कापड दिले, धान्य दिले. इंग्लंडने त्या बदल्यात रोख न देता उधारी लिहून ठेवली होती. ही पौंडातली थकबाकी हिंदुस्थानला मिळण्याची सोय व्हावी, असा आपल्या प्रतिनिधींचा तिथे आग्रह होता. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतली दोन माणसे, एकच युद्ध. एक आघाडीवर लढला, दुसरा त्या युद्धाची उधारी मांडत होता.

ट्रंकेतले कागद

दुसरे महायुद्ध संपले आणि लाखो शिपायांना घरी पाठवले गेले. बहुतेकांची नोकरी पेन्शनपुरती झाली नव्हती. थोडी रक्कम आणि दाखला हातात घेऊन ते परतले. कुणी पुन्हा गिरणीत, कुणी शेतात, कुणी एसटीत. पहिल्या युद्धातले मोठे पदक चांदीचे होते. ते कित्येक घरांत दुष्काळी वर्षी सोनाराकडे गेले. मजुरांच्या तुकड्यांना तेच पदक काशाचे मिळाले, ते मोडायलाही उपयोगाचे नव्हते, म्हणून कधी कधी टिकले.

कागदांचे हाल त्याहून वाईट. सावित्री आणि गांधारी दर काही वर्षांनी महाडात शिरतात. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. जुलै 2021 मध्ये तळियेवर डोंगर आला आणि महाड पाण्यात गेले. माणसे गेली, तिथे कागदाचे दुःख कोण करणार? पण डिस्चार्जचे पुस्तक, नल्ली, गिरणीचा पास, मनीऑर्डरच्या पावत्या गेल्या की आजोबांचा शेवटचा लेखी पुरावा जातो, हेही खरे.

म्हणून वाचकांना विनंती आहे. या दिवाळीत गावी जाल तेव्हा माळ्यावरची ट्रंक उघडा. पदक सापडले तर त्याची कड भिंगाखाली बघा. तिथे शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. कागदांचे फोटो काढून घरातल्या निदान तिघांच्या फोनवर ठेवा. कुणी परत आले नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे पुष्कळ नोंदींत बापाचे किंवा पत्नीचे नाव आणि गावही असते. शोधताना जिल्हा रायगड लिहू नका, कुलाबा लिहा, कारण रायगड हे नाव 1981 चे. पोलादपूरच्या माणसालाही महाड तालुक्यात शोधा, तेव्हा पोलादपूर महाडचाच महाल होता. नावाचे इंग्रजी स्पेलिंग लेखनिकाला जसे ऐकू आले तसे असेल, चार-पाच तऱ्हेने प्रयत्न करा. आणि घरात नव्वदीची आजी असेल तर सगळ्यात आधी तिच्याजवळ बसा, मनीऑर्डर कुठून येत होती ते विचारा, आणि तिचे स्वतःचे नाव, माहेर आणि तिने केलेले काम त्याच वहीत लिहून घ्या.